श्वानमुद्रा आणि यंत्रदृष्टी

मराठी भाषेने कुत्र्याला शेपूट दिले, भुंकणे दिले, लाळ दिली. चेहरा मात्र दिला नाही. आपल्या म्हणी आठवून पाहाव्यात. नळीत घातले तरी वाकडेच राहते ते शेपूट. भुंकणारे कुत्रे चावत नाही म्हणतात, तिथेही लक्ष आवाजाकडे आणि दातांकडे. घरोघरच्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. ते चार वेद, असे आजी सांगते आणि आपण हात जोडतो. पण त्या चौघांच्या मुद्रा कशा आहेत, हे घरातल्या कोणालाही एकदम विचारले तर सांगता यायचे नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'पाळीव प्राणी' रंगवले, तेव्हा आपण हसलो ते प्राण्यांपेक्षा ते पाळणाऱ्यांनाच. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळीकडे ज्या धीराने पाहिले, तसे धीराचे पाहणे आपल्या दारातल्या कुत्र्याच्या वाट्याला फारसे आलेले नाही.

ही उणीव आता संगणक भरून काढणार, अशी हवा आहे. कुत्र्याचा चेहरा यंत्रासमोर धरावा आणि यंत्राने सांगावे की हा आनंदात आहे, हा भ्यालेला आहे, याचे काही दुखते आहे. हे काम परदेशातल्या विद्यापीठांत गेली काही वर्षे नेटाने चालले आहे, आणि भ्रमणध्वनीवर कुत्र्याचे मन सांगू म्हणणारी अ‍ॅप्सही मिळू लागली आहेत. टीकाकाराने पुस्तकाचेच परीक्षण करावे असा काही दंडक नाही. हे यंत्र चेहरा 'वाचते' असे म्हणतात ना? मग त्याच्या वाचनाचे परीक्षण करायला हरकत नसावी. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या यंत्राला अक्षरे उत्तम दिसतात. वाक्य त्याच्या हाती अजून लागलेले नाही, आणि ज्यांनी त्याला अर्थ शिकवला त्या माणसांचेही वाचन तितकेसे शुद्ध नाही.

मुळापासून पाहू. या शास्त्राची गंगोत्री म्हणजे चार्ल्स डार्विनचा माणसांच्या व प्राण्यांच्या भावमुद्रांवरचा १८७२ सालचा ग्रंथ. त्यात कुत्र्याची चित्रे आहेत. एका चित्रात अंगावर चालून जाणारा कुत्रा आहे: पाय ताठ, शेपूट वर, पाठीवरचे केस उभे. दुसऱ्यात तोच प्राणी लाडात आलेला, अंग मुडपून, जमिनीशी लीन झालेला. डार्विनचे म्हणणे असे की लाडाची मुद्रा ही रागाच्या मुद्रेची नेमकी उलट बाजू होय. यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की डार्विनने अख्खा कुत्रा काढवून घेतला. नुसते मुंडके नव्हे. पुढे शंभर वर्षांनी, १९७८ साली, पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या चेहऱ्यावरच्या हालचालींची बारकाईने सूची केली. कोणता स्नायू आखडला म्हणजे काय हलते, एवढेच त्या सूचीत. भाव कोणता याचा निवाडा तीत नाही. हा संयम मोठा शहाणपणाचा होता. त्याच धर्तीवर ब्रिजेट वॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली कुत्र्यासाठी सूची सिद्ध केली. भुवईचा आतला कोपरा उचलणे, कान मागे चपटे करणे, दोन्ही कान एकमेकांजवळ आणणे, नाक चाटणे, ओठ विलग होणे, अशी ती बाराखडी आहे.

ही बाराखडी माणसाने गिरवायची म्हणजे भयंकर काम. चित्रफीत क्षणाक्षणाला थांबवायची, पाहायचे, नोंदायचे. एका मिनिटाच्या फितीत दुपार जाते. येथे संगणकाचा प्रवेश झाला, आणि तो रास्तच होता. इस्रायलमधील हैफा विद्यापीठातल्या अ‍ॅना झामान्स्की यांच्या गटाने यात बरेच काम केले आहे. कुत्र्याच्या चेहऱ्यावर डोळे, नाक, ओठ, कानांची टोके मिळून ४६ खुणा ठरवायच्या आणि हजारो छायाचित्रांवरून यंत्राला त्या ओळखायला शिकवायचे, हा त्यांचा एक उद्योग. कंटाळा न येणारा, डुलकी न लागणारा असा कारकून मिळाला तर कोणाला नको आहे?

त्यांची २०२२ साली प्रसिद्ध झालेली एक परीक्षा मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्यासाठी वापरलेल्या फिती आधीच्या एका प्रयोगातल्या होत्या. एकोणतीस लॅब्रॅडोर कुत्री. सगळी एकाच जातीची, कारण जात बदलली की कान-नाक-ओठांची ठेवणच बदलते. त्यांना दोन अवस्थांत ठेवले: एकदा खाऊ आता मिळणार अशी आशा, आणि एकदा मिळणारा खाऊ अडवून धरल्यामुळे झालेला हिरमोड. आता चेहऱ्यावरून ओळखायचे की आशा कोणती आणि हिरमोड कोणता. यंत्राला दोन वाटांनी शिकवले. पहिल्या वाटेने त्याने आधी ती बाराखडी लावायची, मग निष्कर्ष काढायचा; त्यात शेकडा ७१ हून थोडी अधिक उत्तरे बरोबर आली. दुसऱ्या वाटेने त्याला काहीच न सांगता चित्रे दाखवली आणि स्वतःच शिकू दिले. तेव्हा शेकडा ८९ च्या वर मजल गेली.

एकोणनव्वद ही संख्या ऐकून माणूस दिपतो. पण पर्याय दोनच होते, हे विसरू नये. नाणे उडवून सांगणाऱ्यालाही पन्नास मिळतात. त्याहून मला खटकते ते निराळेच. ज्या वाटेने रीत समजते तिचे उत्तर कच्चे, आणि ज्या वाटेने उत्तर पक्के येते तिची रीत समजत नाही. त्या संशोधकांनाही हे ठाऊक होते; यंत्राची नजर चेहऱ्यावर कुठे रेंगाळते याचे नकाशे त्यांनी काढून पाहिले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे आहे. पण नजर कुठे होती हे कळले म्हणून काय पाहिले ते कळत नाही. गणिताच्या वहीत नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला कोणी मास्तर पुरे गुण देत नाही. उत्तर बरोबर असले तरी शेजाऱ्याच्या वहीत डोकावून लिहिले असेल, ही शंका राहतेच.

आणि हा शेजारी कोण? माणूस. यंत्राला जी नावे शिकवली जातात, ती माणसाने लावलेली. या परीक्षेत निदान नावे प्रसंगावरून लावली होती. खाऊ अडवला म्हणजे हिरमोड झाला असे धरून चालले. पण पुष्कळ ठिकाणी कोणीतरी छायाचित्र पाहून 'हा उदास', 'हा खुशीत' अशी चिठ्ठी डकवतो आणि यंत्र ती पाठ करते. तेव्हा माणूस कुत्र्याचा चेहरा कितपत वाचतो, हे आधी तपासायला हवे.

घरातली चप्पल फाडलेली दिसते, आपण कुत्र्याकडे पाहतो, तो मान खाली घालून डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघतो. आपण म्हणतो, बघा, कसा ओशाळला आहे! अ‍ॅलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन अभ्यासिकेने २००९ साली चौदा कुत्र्यांवर याचा पडताळा घेतला. खाऊला तोंड लावायचे नाही असे बजावून मालक खोलीबाहेर गेला. आत काय घडले ते त्याला कधी खरे सांगितले, कधी खोटे. निष्पन्न असे झाले की 'ओशाळा' चेहरा गुन्ह्याबरोबर येत नाही, दरडावण्याबरोबर येतो. ज्यांनी खाल्ले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्या तोंडावर तो अधिकच ठसठशीत दिसला.

हे वाचताना मला महाभारताचा आरंभ आठवला. जनमेजयाच्या यज्ञमंडपात सरमेचे पिल्लू येते, राजाचे भाऊ त्याला बडवतात, ते रडत आईकडे जाते. आई म्हणते, तू काही आगळीक केली असशील. पिल्लू म्हणते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटणे तर दूरच. सरमा राजाकडे जाऊन जाब विचारते, आणि तिला उत्तर द्यायला कोणाकडे काही नसते. आईलासुद्धा पिल्लाच्या रडव्या तोंडात आधी अपराधच दिसावा, हे त्या कथाकाराने किती सहज टिपले आहे!

अगदी अलीकडे, २०२५ साली, अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी याहूनही फजिती करणारी गोष्ट दाखवली. कुत्र्याला आवडणाऱ्या आणि नावडणाऱ्या प्रसंगांच्या फिती घेतल्या आणि संकलनाची कात्री चालवून कुत्रा एका प्रसंगातला, भोवताल दुसऱ्या प्रसंगातला, अशी जोडणी केली. पाहणाऱ्यांनी कुत्र्याच्या मनाविषयी जे मत दिले ते भोवतालावरून. फिरायला नेणारा पट्टा दिसला की कुत्रा खूश, धूळ ओढणारे यंत्र दिसले की कुत्रा दुःखी. कुत्रा स्वतः काय करत होता याकडे फारसे कोणाचे लक्षच नव्हते. चित्रपटाच्या अभ्यासकांना हे नवे नाही. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्ह याने शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या बशीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि प्रेक्षकांनी त्याच्या अभिनयाची वाखाणणी केली.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराचे तर पोटच या युक्तीवर चालते. 'तो काही बोलला नाही' या वाक्याच्या आधी लग्न मोडल्याची बातमी ठेवली की ते दुःख होते, आणि लॉटरी लागल्याची ठेवली की तोच थंडपणा विनोदी वाटतो. चेहऱ्याला मजकुरावाचून अर्थ नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मजकूर इतका जोरकस करायचा की चेहरा पाहायचीच गरज उरू नये, हीही लबाडीच. माणूस भोवतालावरून चेहरा ठरवतो; यंत्र भोवताल कापून टाकते आणि चेहऱ्यावरून मन ठरवते. पहिल्याला कुत्रा दिसत नाही. दुसऱ्याला कुत्र्याचा दिवस कसा गेला ते दिसत नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत मौजेची वाटते. चेहरा म्हणजे मनाची फटीतून दिसणारी झुळूक, असे हे यंत्र धरून चालते. पण कुत्रा चेहऱ्याने बोलतही असेल तर? ज्युलियान कामिन्स्की यांनी २०१७ साली चोवीस कुत्र्यांवर दाखवले की समोरचा माणूस आपल्याकडे पाहत असेल तेव्हा कुत्रा चेहऱ्याच्या हालचाली अधिक करतो; पाठ फिरवली की कमी. नुसता खाऊ दाखवल्याने त्यात वाढ होत नाही. भुवईचा आतला कोपरा उचलून डोळे मोठे, करुण करायचे, ही कला तर प्रसिद्धच. वॉलर यांनी २०१३ साली इंग्लंडातल्या आश्रयगृहांत पाहिले की ही हालचाल जी कुत्री अधिक करत, त्यांना घर लवकर मिळे. मग २०१९ साली कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदन करून सांगितले की ती भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला आहे, लांडग्यात नाही. म्हणजे माणसाच्या सहवासाने तो घडला असावा. कथा सुंदर होती. पण २०२४ साली आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांतही, ज्यांना माणसाशी काही देणेघेणे नाही, तसे स्नायू चांगले वाढलेले सापडले. शास्त्रातली सुंदर कथा आणि आमची सुंदर कथा यांत हाच फरक. त्यांच्या कथेला दुसरा कोणी येऊन शेवट बदलू शकतो.

आता घराकडे येऊ. यंत्र ज्या चित्रांवर शिकते ती कोणाची? कुत्र्यांच्या छायाचित्रांचा या क्षेत्रात फार वापरला जाणारा संग्रह अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०११ साली केला. त्यात १२० प्रकारची २०,५८० छायाचित्रे आहेत. त्या ४६ खुणांच्या कामालाही पाया याच संग्रहाचा. त्याची यादी वाचण्यासारखी आहे. पग आहे, पूडल आहे, ऑस्ट्रेलियाचा डिंगो आहे; इतकेच काय, आपल्या सह्याद्रीतला कोळसुंदाही आहे. नाही तो मुधोळचा शिकारी कुत्रा आणि नाही तो आपला गावठी. हिंदुस्थानच्या रस्त्यावर दिवसातून शंभर वेळा आडवा येणारा प्राणी त्या शंभरवीस घरांत कुठेच बसत नाही.

रत्नागिरीपुरते बोलायचे तर मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी जाऊन पाहावे. होड्या लागलेल्या असतात, टोपल्या उतरत असतात, आणि कुत्री बसलेली असतात. कोणाचा कान भांडणात फाटलेला, कोणाच्या नाकावर जुना वण. शिवाय निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याचा कान ओळखीसाठी थोडा कापतात. हे काम चांगले आहे, पण यंत्र ज्या कानाच्या टोकावर खूण शोधणार ते टोकच आपण सरकारी हुकुमाने छाटलेले आहे! खरी गंमत चेहऱ्यात नाहीच. ही कुत्री माणसाच्या तोंडाकडे क्वचितच बघतात. त्यांचे डोळे हाताशी असतात. हात टोपलीकडे गेला की एक, दगडाकडे गेला की दुसरे. अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून रस्त्यावरच्या कुत्र्यांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. २०२० साली त्यांनी दाखवले की कधीही न शिकवलेली ही कुत्री अनोळखी माणसाने लांबून बोट दाखवले तरी त्या दिशेला जातात. जी जवळ आली त्यांतल्या शेकडा ऐंशींनी बोट ओळखले. जी बिचकून जवळच आली नाहीत, तीही पुष्कळ होती. ते बिचकणे हेही वाचनच. आमच्याकडे वाडीवरची जुनी माणसे सांगतात की कुत्रे भुंकता भुंकता अचानक गप्प होऊन पडवीत शिरले की बिबट्या जवळ आहे असे समजावे. या गप्प होण्याला कोणत्या बिंदूवर टाचणी लावणार?

हा सगळा बौद्धिक विनोद म्हणून सोडून देता आला असता. पण २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयीचा आपला आधीचा हुकूम सौम्य केला आणि सांगितले की निर्बीजीकरण व लसीकरण झाल्यावर कुत्र्याला त्याच्याच वस्तीत परत सोडावे. अपवाद पिसाळलेल्या, तसा संशय असलेल्या आणि आक्रमक वर्तनाच्या कुत्र्यांचा. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या हुकुमाने शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्यास सांगितले. मी शाळामास्तर आहे. आवारात शिरलेल्या कुत्र्यापासून लहान मुलांना दूर ठेवण्याची जबाबदारी काय असते ते मला कोणी सांगायला नको. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईसमोर उभे राहून प्राणिप्रेमावर व्याख्यान देता येत नाही. परंतु 'आक्रमक' हा एक शब्द एखाद्या प्राण्याचा जन्मभराचा मुक्काम ठरवणार असेल, तर तो शब्द कोणी उच्चारायचा? उद्या एखाद्या नगरपालिकेला कोणी चकचकीत यंत्र विकले आणि त्याने फाटक्या कानाच्या, वण पडलेल्या तोंडावर शेकडा ८९ म्हणून शिक्का मारला, तर सरमा कोणाच्या दारात जाब विचारायला जाणार? कान मागे गेलेले आणि दात दिसणारे कुत्रे पुष्कळदा भ्यालेले असते. पिल्लांजवळ आलेल्या माणसावर गुरगुरणारी कुत्री चार महिन्यांनी त्याच माणसाच्या पायाशी झोपलेली आपण पाहतोच.

यंत्राचा मला द्वेष नाही. दुखणे ओळखण्यासाठी चेहऱ्याची मोजदाद कशी कामी येते, याचे दाखले आहेत. मेंढी कळपात दुखणे लपवते; केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ साली मेंढ्यांच्या चेहऱ्यावरून वेदना हुडकणारी संगणकाची पद्धत तयार केली. मॉन्ट्रियल विद्यापीठाने २०१९ साली मांजरांच्या वेदनेची मोजपट्टी बनवली. कानांची ठेवण, डोळ्यांची मिट, तोंडाचा ताण, मिशा आणि डोके, एवढ्या पाच गोष्टींवर ती चालते. जनावरांच्या डॉक्टरला याचा उपयोग होतो, कारण तो नुसत्या चेहऱ्यावर थांबत नाही. पोट दाबून पाहतो, ताप घेतो, धन्याला चार प्रश्न विचारतो. यंत्र तिथे मदतनीस असते, न्यायाधीश नसते.

आणि संगणकाने कुत्र्यांचे खरोखर भले केलेले पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. आपल्याच किनाऱ्याने खाली गोव्यात जावे. तिथे 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारच्या साहाय्याने गावोगाव कुत्र्यांना लस टोचली. टोचणाऱ्यांच्या हातातल्या भ्रमणध्वनीवर प्रत्येक कुत्र्याची आणि ठिकाणाची नोंद होई, त्यामुळे कोणती वाडी राहिली ते लगेच कळे. लस टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करत. २०१३ ते २०१९ या काळात तिथली कुत्र्यांमधली रेबीजची मासिक प्रकरणे शेकडा ९२ नी उतरली, आणि २०२१ साली गोवा हे रेबीज नियंत्रणात आणलेले देशातले पहिले राज्य ठरले. त्या यंत्राने एकाही कुत्र्याच्या मनात डोकावून पाहिले नाही. त्याने फक्त हजेरी घेतली. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय ज्या गावातून जाते, त्या गावातली माणसे कुत्र्याच्या तोंडाकडे आपोआप थोड्या शांतपणे पाहू लागतात. भ्यालेल्या माणसाचे वाचन भ्यालेल्या कुत्र्यासारखेच असते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बाहेर फटाके वाजत असतील. स्वित्झर्लंडमधल्या काही अभ्यासकांनी २०२० साली नववर्षाच्या आतषबाजीतल्या कुत्र्यांच्या, मालकांनीच घेतलेल्या फिती तपासल्या आणि त्याच कुत्र्यांच्या शांत संध्याकाळच्या फितींशी ताडून पाहिल्या. भीतीशी सर्वांत घट्ट जुळलेली खूण निघाली ती कानाच्या मुळाशी: कान मुळापासून मागे वळलेले. त्याखालोखाल एका जागी न ठरणे आणि धापा टाकणे. कुत्र्याकुत्र्यांत फरक फार होता. पुष्कळशी कुत्री ना ओरडली, ना कुठे लपली. म्हणजे जे कुत्रे जिन्याखाली शिरलेले नाही आणि ओरडतही नाही, ते भ्यालेले नाही असे धरता येत नाही. कानाचे टोक फाटलेले असो, छाटलेले असो, मूळ शाबूत असते. आणि ते पाहायला यंत्र लागत नाही, लक्ष्मीपूजनानंतर ओटीवरचा दिवा घेऊन दोन मिनिटे अंगणात उतरले तरी पुरते.